सहा फुटांवरचा टीव्ही आणि अठराशेची केबल

सांगलीच्या एका वाचकाचं पत्र, थोडं आखूड करून:

«माझ्याकडे ३२ इंची टीव्ही आहे, खोक्यावर ‘एचडी रेडी’ लिहिलंय. खोली दहा बाय दहा. टीव्ही भिंतीवर, समोर पलंग. टेकून बसलं की डोळ्यांपासून टीव्ही बरोबर सहा फूट. नुकताच पीएस ५ घेतला. क्रिकेट खेळताना खालची स्कोअरची पट्टी अर्धी कापली जाते. जे आकडे दिसतात तेही फिसकटलेले, ६ आहे की ८ कळत नाही. बटण दाबल्यावर बॅट उशिरा फिरते. शिवाय मधूनच पडदा दोन सेकंद काळा होतो. कन्सोल कोपऱ्यातल्या टेबलावर असल्यामुळे पाच मीटरची केबल आणून केसिंग पट्टीतून वर नेली आहे. दुकानदार म्हणतो, ही केबल साधी आहे, १८०० रुपयांची ‘८के’ केबल टाका, चित्र आरशासारखं होईल. घरचे म्हणतात, एकदाच काय तो ४३ इंची फोरके टीव्ही घे. मित्र म्हणतो मॉनिटर घे. आणि धाकट्या भावाला जुना पीएस २ याच टीव्हीला जोडायचाय. टीव्हीला मागे तीन रंगांच्या पिना नाहीत, हेडफोनसारखं एकच भोक आहे, त्यावर ‘एव्ही’ लिहिलंय. काय करू?»

अठराशे रुपये तूर्त खिशातच राहू द्या. तुमच्या चार तक्रारींपैकी तीन टीव्हीच्या मेनूतल्या आहेत आणि चौथीचा, पडदा काळा होण्याचा, केबलशी संबंध असू शकतो. तिच्यासाठी लागणारी केबलही बहुधा तुमच्या घरातच पडलेली आहे. पीएस ५ च्या खोक्यात जी एचडीएमआय केबल येते ती ‘अल्ट्रा हाय स्पीड’ प्रकारची असते, म्हणजे सेकंदाला ४८ गिगाबिटपर्यंत वाहून नेण्यासाठी बनवलेली. दुकानदार ‘८के’ म्हणून विकतोय ती याच जातीची, फार तर जरा लांब.

केबलचं गणित थोडक्यात असं. तुमचा टीव्ही जास्तीत जास्त १०८०पी (म्हणजे १०८० ओळींचं चित्र), सेकंदाला ६० चित्रं एवढाच सिग्नल घेतो. त्याला साडेचार गिगाबिटसुद्धा लागत नाहीत, ४.४६ लागतात. साध्या ‘हाय स्पीड’ केबलची क्षमता १०.२ असते. फोरके ६० ला १७.८ लागतात, त्यासाठी १८ ची ‘प्रीमियम हाय स्पीड’ केबल पुरते. ४८ वाली लागते ती फोरके १२० साठी, आणि तसा पडदा तुमच्याकडे नाही. शिवाय हा डिजिटल मामला आहे. जुन्या अँटेनाच्या वायरीसारखं ‘केबल हलकी म्हणून चित्र जरा धुरकट’ असं इथे होत नाही. केबल कमी पडली तर पडद्यावर पांढरे ठिपके चमचमतात, चित्र तुटतं, काळं पडतं किंवा ‘नो सिग्नल’ येतं. आकडा स्थिर आहे पण अंधुक आहे, हा केबलचा दोष असूच शकत नाही. सोन्याचा मुलामा दिलेल्या पिनेनंही ६ चा ८ व्हायचा थांबणार नाही.

मग ते आकडे फिसकटतात का? एचडी रेडी म्हणून विकल्या जाणाऱ्या ३२ इंची टीव्हीचं पॅनेल जवळजवळ नेहमी १३६६ × ७६८ चं असतं. टीव्ही १०८०पी सिग्नल स्वीकारतो, म्हणून कन्सोलच्या मेनूत ‘१०८०पी’ दिसतं आणि आपल्याला वाटतं की तेवढंच पडद्यावर येतंय. प्रत्यक्षात १०८० ओळी ७६८ ओळींत कोंबल्या जातात. आता त्या आकड्याकडे जवळून बघा. गेम बनवणाऱ्यानं आकड्याची रेघ दोन पिक्सेल जाड काढलीय. ७६८ मध्ये उतरताना ती १.४२ पिक्सेल होते. पाऊण-अर्धा पिक्सेल असा काही पेटत नाही, त्यामुळे एक पिक्सेल लख्ख पांढरा होतो आणि शेजारचा राखाडी. हा राखाडी कधी रेघेच्या डावीकडे येतो, कधी उजवीकडे, आकडा पडद्यावर नेमका कुठे आहे त्यावर ते ठरतं. ६ च्या वरच्या उघड्या तोंडात असा एक राखाडी ठिपका बसला की झाला त्याचा ८.

गंमत अशी की सहा फुटांवरून तुमच्या टीव्हीचे पिक्सेल सुटे दिसायला नकोत. ३२ इंची पडदा साधारण ७१ सेंटिमीटर रुंद असतो. त्याचे १३६६ भाग केले की एक पिक्सेल अर्ध्या मिलिमीटरहून किंचित मोठा येतो. चांगली नजर अंशाच्या साठाव्या भागापर्यंतचा फरक ओळखते, आणि सहा फुटांवर ते माप ०.५३ मिलिमीटर होतं. म्हणजे तुम्ही नेमके काठावर बसला आहात. पॅनेल तुमच्या अंतराला अगदीच तोकडं नाही. त्यावर टीव्हीनं आपल्या हुशारीनं जे थर चढवलेत ते आधी उतरवा.

सुरुवात गेम मोडपासून करा, कारण बहुतेक टीव्ही प्रत्येक पिक्चर मोडची सेटिंग वेगवेगळी साठवतात. आधी शार्पनेस नीट केला आणि मग मोड बदलला, तर ती मेहनत पाण्यात. पिक्चर मोडमध्ये ‘गेम’ निवडा. काही टीव्हींत तो पिक्चरमध्ये न सापडता जनरल किंवा इनपुटच्या मेनूत सापडतो. तुमची उशिरा फिरणारी बॅट इथेच सुधारेल. साध्या मोडमध्ये टीव्ही प्रत्येक चित्र अडवून ठेवतो, त्यातला गोंगाट काढतो, हालचाल गुळगुळीत करतो आणि मग दाखवतो. बऱ्याच टीव्हींवर यात ६० ते १०० मिलिसेकंद जातात. तुमच्या गेममध्ये एक चित्र १६.७ मिलिसेकंदांचं, म्हणजे तुम्ही चार ते सहा चित्रं मागे खेळताय. खऱ्या मैदानावर १४० च्या वेगाचा चेंडू फलंदाजापर्यंत जेमतेम अर्ध्या सेकंदात येतो. त्यातला पाचवा हिस्सा टीव्हीनंच खाल्ला तर टायमिंग कुठून जमणार? गेम मोड लावूनही ‘मोशन’, ‘नॉइज रिडक्शन’, ‘डायनॅमिक कॉन्ट्रास्ट’ असं काही चालू राहिलं असेल तर तेही बंद करा.

मग कापलेली पट्टी. याला ओव्हरस्कॅन म्हणतात. डबा टीव्हीच्या काळात चित्राच्या कडा वेड्यावाकड्या असत, त्या चौकटीमागे लपवायला चित्र थोडं मोठं करत. काचेच्या नळ्या गेल्या, सवय राहिली. छोट्या टीव्हींवर अजूनही चारही बाजूंनी काही टक्के चित्र बाहेर ढकललेलं असतं. यात पट्टी कापली जाते हे निम्मं नुकसान. उरलेलं चित्र ताणून मोठं केल्यामुळे वर सांगितलेला राखाडी घोळ आणखी वाढतो. टीव्हीच्या ‘पिक्चर साइज’ किंवा ‘ॲस्पेक्ट’ मेनूत जा. एलजीमध्ये ‘जस्ट स्कॅन’ शोधा, सॅमसंगमध्ये ‘स्क्रीन फिट’ किंवा ‘फिट टू स्क्रीन’, सोनीत डिस्प्ले एरियाखाली ‘फुल पिक्सेल’, इतर कंपन्यांत ‘डॉट बाय डॉट’, ‘१:१’ किंवा ‘ओव्हरस्कॅन ऑफ’. पर्याय राखाडी होऊन दबत नसेल तर आधी एचडीएमआयचा सोर्स लावा आणि मग मेनू उघडा. पीएस ५ मध्येही ‘ॲडजस्ट डिस्प्ले एरिया’ आहे, पण तो शेवटचा उपाय समजा. त्यात कन्सोल चित्र लहान करून पाठवतो आणि टीव्ही ते पुन्हा मोठं करतो. पट्टी दिसेल, पण आकडे होते त्याहून वाईट होतील.

तिसरा शार्पनेस. दुकानात चकचकीत दिसावं म्हणून कारखान्यातून तो निम्म्यावर किंवा त्याहून वर ठेवून येतो. तो तपशील वाढवत नाही, कडेला पांढरी किनार काढतो. गेम थांबवून एखादं मोठं अक्षर पडद्यावर ठेवा, टीव्हीपासून दोन फुटांवर उभे राहा आणि शार्पनेस एकेक आकड्यानं खाली आणा. अक्षराभोवतीची किनार गेली की थांबा. बहुतेक कंपन्यांत ही जागा ० ते १० च्या आसपास सापडते. सोनीत मात्र ५० हाच मधला, न छेडलेला बिंदू असतो, तिथे शून्यावर नेलंत तर चित्र उलट मऊ पडेल. एचडीएमआय सोर्सचं नाव बदलता येत असेल तर ते ‘पीसी’ ठेवून बघा. काही टीव्ही त्या नावावर रंगाची काटकसर सोडतात, आणि लाल पट्टीवरची निळी अक्षरं एकदम सुटी होतात.

आता कन्सोलकडे. सेटिंग्ज, मग ‘स्क्रीन अँड व्हिडिओ’, मग ‘व्हिडिओ आउटपुट’. तिथे ‘व्हिडिओ आउटपुट इन्फर्मेशन’ उघडलं की सध्या काय जातंय आणि टीव्ही काय काय घेतो हे दोन्ही दिसतं. रिझोल्यूशन ‘ऑटोमॅटिक’ऐवजी १०८०पी करा. बरेच जण सांगतात की पॅनेल ७६८ चं आहे, तर ७२०पी जवळचं, तेच लावा. पीएस ५ साठी हा सल्ला चुकीचा. कन्सोल चित्र ७२० ओळींपर्यंत खाली आणणार, मग टीव्ही ते ताणून ७६८ करणार. अठ्ठेचाळीस ओळींचा तपशील वाटेतच गेला आणि उरलेला ताणला गेला. १०८० पाठवलंत तर टीव्हीला फक्त कमी करायचं काम उरतं. पीएस ३ ची गोष्ट निराळी. त्याचे बहुतेक गेम मुळातच ७२० चे, तिथे ७२०पी ठीक. आणि १०८०आय कुठल्याच कन्सोलला लावू नका; त्यात अर्ध्या-अर्ध्या ओळी आलटून पालटून येतात आणि त्या जोडत बसण्यात टीव्ही वेळ घालवतो.

रिझोल्यूशन बदलताना पडदा काळाच राहिला तर घाबरू नका. कन्सोल पूर्ण बंद करा, पॉवरचं बटण दाबून धरा, पहिल्या आवाजानंतर साधारण सात सेकंदांनी दुसरा आवाज आला की सोडा. कंट्रोलर यूएसबी वायरीनं जोडून त्यावरचं पीएस बटण दाबा आणि सेफ मोडमधून ‘चेंज व्हिडिओ आउटपुट’ निवडा.

काळा रंग राखाडी दिसत असेल, किंवा उलट अंधारात सगळं गडप होत असेल, तर ‘आरजीबी रेंज’ ऑटोमॅटिकऐवजी ‘लिमिटेड’ करून बघा आणि टीव्हीवर एचडीएमआय ब्लॅक लेव्हल ‘लो’. दोन्हीकडे एकच भाषा हवी, एवढंच. एचडीआर, म्हणजे उजेड-अंधारातला फरक जास्त ठळक दाखवणारी सोय, बंद. छोट्या स्वस्त टीव्हीवर ‘एचडीआर’ लिहिलेलं असतं त्याचा अर्थ सिग्नल आला तर तो घेतो, इतकाच; तो दाखवायला लागणारा उजेड त्याच्यात नसतो आणि चित्र मलूल होतं.

पडदा काळा होण्याचा शोध मात्र शांतपणे घ्या. पलंग सरकवा, कन्सोल तासाभरासाठी टीव्हीखाली स्टुलावर आणा आणि खोक्यातली केबल थेट लावून खेळा. काळं पडणं थांबलं तर दोष पाच मीटरच्या केबलचा किंवा तिच्या वाटेचा. पाच मीटर हे १०८०पी साठी जास्त नाही, साधी पण नीट बनवलेली केबल तेवढं आरामात करते, म्हणून आधी वाट तपासा. केसिंग पट्टीत त्याच खोबणीतून पंख्याची किंवा ट्यूबलाइटची वायर जातेय का? बटण दाबल्याबरोबर पडदा काळा होत असेल तर उत्तर मिळालं. बटणाच्या ठिणगीचा धक्का केबल पकडते, टीव्ही क्षणभर सिग्नल हरवतो आणि पुन्हा जुळवून घ्यायला त्याला दोन सेकंद लागतात. केबलला स्वतंत्र पट्टी द्या, विजेच्या वायरीपासून वीतभर लांब.

दुसरी जागा म्हणजे टीव्हीची पाठ. भिंतीला चिकटलेल्या टीव्हीत पोर्ट मागच्या बाजूला असेल तर पिन भिंतीवर दाबली जाते आणि वाकून अर्धवट बसते. पोर्ट बदलून बघा, बाजूला तोंड असलेला निवडा. तसा नसेल तर काटकोनी ॲडॉप्टर मिळतो. मात्र तो दोन दिशांचा येतो, केबल वर नेणारा आणि खाली सोडणारा. पोर्टचा रुंद भाग वर आहे की खाली याचा मोबाइलवर फोटो काढून दुकानात न्या. नाहीतर केबल छताकडे तोंड करून बसेल. एवढं करूनही केबल बदलायचीच ठरली तर मोजून घ्या, तीन मीटर पुरत असेल तर पाच नको. वेष्टणावर ‘प्रीमियम हाय स्पीड’ हे शब्द आणि मोबाइलनं स्कॅन होणारं प्रमाणपत्राचं लेबल बघा. केबलवर ‘२.१ व्हर्जन’ छापलेलं असणं हे काही प्रमाण नव्हे. एचडीएमआयचे नियमच सांगतात की केबलला व्हर्जनचा आकडा लावायचा नाही.

आणि एक, जे दुकानदार सांगत नाही. केबल काढता-घालताना टीव्ही, कन्सोल आणि सेट-टॉप बॉक्स तिन्ही भिंतीच्या बटणावरून बंद करा. पीएस ५ ची पॉवरकॉर्ड दोन पिनांची, लहान टीव्हीचीही बहुतेकदा तशीच, म्हणजे अर्थिंग कोणालाच नाही. एचडीएमआयच्या पत्र्याला बोट लावलं की मुंग्या येतात ना, तो गळतीचा करंट. चालू असताना पिन टेकवली तर तो पोर्टमधून वाट काढतो, आणि पोर्ट जाण्याचं ते एक नेहमीचं कारण आहे. पावसाळ्यात विजा कडाडू लागल्या की डिशची वायर बॉक्समधून काढून ठेवा. गच्चीवरून आलेला धक्का बॉक्समार्गे टीव्हीत आणि तिथून कन्सोलपर्यंत जातो.

आता खरेदी. वरचं सगळं करून आठवडाभर खेळा. त्यानंतरही आकडे डोळ्यांना त्रास देत असतील तर नेमकं काय खुपतं ते ठरवा, कारण अक्षर फिसकटलेलं असणं आणि अक्षर लहान असणं ही दोन वेगळी दुखणी आहेत. ३२ इंची फुल एचडी, म्हणजे पूर्ण १०८० ओळींचा टीव्ही घेतलात तर रेघा दोनाच्या दोन पिक्सेल उतरतील, आकडे स्वच्छ होतील, पण आकारानं तेवढेच राहतील. फोरकेमुळेही अक्षर मोठं होत नाही. अक्षर मोठं होतं ते इंचांनी. आज जो आकडा ९ मिलिमीटर उंच आहे तो ४३ इंचावर १२ होईल. सहा फुटांवरून खेळायचं असेल तर घरच्यांचं म्हणणं बरोबर, फक्त कारण वेगळं. त्या अंतरावर ४३ इंची फुल एचडी आणि फोरके यांत पिक्सेलचा फरक जवळजवळ दिसणार नाही, पण त्या आकारात आता बाजारात मुख्यतः फोरकेच मिळतात आणि फुल एचडी मुद्दाम शोधत बसण्यात अर्थ नाही. भिंतीवर मीटरभर मोकळी रुंदी आहे ना, ते आधी टेपनं मोजा.

घेताना खोक्याच्या दर्शनी भागावर भरवसा ठेवू नका. ३२ इंचावर ‘फोरके सपोर्ट’ लिहिलेलं असतं, म्हणजे फोरके व्हिडिओ आत घेऊन ७६८ मध्ये दाखवतो. स्पेसिफिकेशनच्या बारीक छपाईत रिझोल्यूशनपुढे ३८४० × २१६० आहे का तेवढं बघा. ‘मोशन रेट १००’ किंवा २०० हा मार्केटिंगचा आकडा, रिफ्रेश रेट, म्हणजे पडदा सेकंदाला किती वेळा चित्र बदलतो तो आकडा, वेगळा लिहिलेला असतो आणि साध्या ४३ इंचीत बहुधा तो ६०च. घरी आल्यावर त्या एचडीएमआय पोर्टचं सेटिंग उघडा: सोनीत ‘एनहान्स्ड फॉरमॅट’, सॅमसंगमध्ये ‘इनपुट सिग्नल प्लस’, एलजीत ‘डीप कलर’. ते बंद राहिलं तर फोरके ६० पूर्ण रंगांसकट येत नाही आणि दोष पुन्हा केबलवर जातो. तिथे पाच मीटरची जुनी केबल खरोखरच कमी पडू शकेल. चित्र तुटलं तर कन्सोलमध्ये ‘फोरके व्हिडिओ ट्रान्सफर रेट’ एक पायरी खाली करून बघा. तेवढ्यानं थांबलं तर केबल बदलायची वेळ आली असं समजा.

मित्राचा मॉनिटर टेबलखुर्चीवर, अडीच-तीन फुटांवरून खेळणाऱ्यासाठी उत्तम. २७ इंची १४४०पी मॉनिटर पीएस ५ ला चालतो. पलंगावरून मात्र तो तुमच्या आजच्या टीव्हीपेक्षाही लहान. आणि पुष्कळ मॉनिटरला स्पीकर नसतात, पीएस ५ ला ऑडिओची वेगळी पिन नाही. हेडफोन कंट्रोलरला लावता येतो. घरातले बाकीचे मालिका कशावर बघणार, हाही प्रश्न आहेच.

धाकट्या भावाचा पीएस २. ते ‘हेडफोनचं भोक’ म्हणजे ३.५ मिलिमीटरचा एव्ही इनपुट. त्यासाठी एका टोकाला तीन काळ्या कड्यांची पिन आणि दुसऱ्या टोकाला पिवळी, पांढरी, लाल अशा तीन माद्या असलेली छोटी केबल लागते. पुष्कळदा ती टीव्हीच्या खोक्यातच आलेली असते. बाहेरून घेताना तोटा हा की या पिनेवर चित्र, आवाज आणि अर्थिंग कोणत्या कड्यावर हे सगळ्या कंपन्यांत एकसारखं नाही. लावल्यावर चित्र नाही आणि स्पीकरमधून घूंऽऽ असा आवाज आला तर पीएस २ ची पिवळी पिन आलटून पालटून लाल आणि पांढऱ्या मादीत घालून बघा. चित्र आलं तर क्रम वेगळा आहे एवढंच, बाकीच्या दोन त्याप्रमाणे लावा. कुठेच आलं नाही तर अर्थिंगची जागा चुकली, ती केबल परत करा. चित्र काळंपांढरं आलं तर मेनूत कलर सिस्टिम ‘ऑटो’ आहे का बघा. पाल आणि एनटीएससी या रंगीत चित्राच्या दोन जुन्या पद्धती, आणि दोन्ही जातींच्या डिस्क आपल्याकडे फिरतात. एचडीएमआयचा छोटा ॲडॉप्टर पीएस २ साठी मिळतो, तो लावायचा असेल तर आधी एव्हीवर चालू करून पीएस २ च्या सिस्टिम कॉन्फिगरेशनमध्ये ‘कम्पोनंट व्हिडिओ आउट’ आरजीबीवरून दुसऱ्या पर्यायावर न्या, नाहीतर रंग विचित्र येतील. आणि टीव्हीचा पिक्चर साइज ४:३ करा, म्हणजे गोल चेंडू अंडाकृती दिसणार नाही.